मुलाने बोट वापरल्यास

सोमवार, ४ तारीख

ही वही प्रेसमधली आहे, मी काम करते त्या छापखान्यातली. कटिंगला तिरकी गेली म्हणून रद्दीत पडली होती. पानं वर रुंद, खाली अरुंद. मीच कापली होती, म्हणून मीच उचलली. लिहायचं असं काही ठरवलं नव्हतं, पण आज राग इतका आलाय की कुणाशी तरी बोलायला हवं, आणि ताई म्हणते, "माझ्याशी नको बोलूस, डोकं दुखतंय." मग वही.

मुंगीच्या शाळेतून चिठ्ठी आलीय. मुंगी म्हणजे माझी भाची, ताईची एकुलती एक, वय वर्षं सात. खरं नाव लांबलचक आहे, ते फक्त शाळेत आणि दवाखान्यात काढतात. चिठ्ठीत म्हटलंय की ती वाचनात फार मागे आहे. वीस तारखेला वाचन तपासणी. एका मिनिटात तीस शब्द आले नाहीत तर तिला पिवळ्या इमारतीत हलवणार.

पिवळी इमारत मी पाहिलीय. मैदानाच्या मागे, खिडक्यांना जाळ्या. तिथे 'न जमणारी' मुलं बसवतात. त्यांना मणी ओवायला देतात, रंगीत कागद कापायला देतात. कागद कापणं मला येतं, आणि त्याने माणूस कुठपर्यंत पोचतो तेही मला माहीत आहे. तिथून परत या इमारतीत आलेलं मूल ताईने तरी ऐकलेलं नाही.

आणि मागे म्हणजे काय? जूनपर्यंत ही सगळी मंडळी 'तिकडे' होती, परदेशात, भाऊजींच्या कामामुळे. भाऊजी अजून तिकडेच आहेत, वर्षअखेरीपर्यंत. तिकडे अक्षरं नसतात. खुणा असतात, एकेका शब्दाला एकेक, पंधरा पंधरा रेघांची, आणि कुठली रेघ आधी कुठली नंतर हे ठरलेलं. मुंगीला अशा चारशे खुणा येतात. चारशे! मला माझ्या चारशे चुकासुद्धा आठवत नाहीत. आणि ही पोर मागे?

मी इथे, ताईकडे, महिनाभरासाठी आले होते. चार महिने झाले. त्याआधी बोटीवरच्या कँटीनमध्ये होते, त्याआधी रोपवाटिकेत. शाळा तीन बदलल्या, चौथीने मलाच घरी बसवलं. ताई म्हणते, तुला बूड नाही. असेल.

मंगळवार, ५ तारीख

शाळेत जाऊन आले. ताईबरोबर. ताई म्हणाली होती, तू फक्त बस. बसले.

मुंगीच्या बाईंच्या गळ्यात दोरीला एक घड्याळ लटकतं, शर्यतीत असतं तसं बटणाचं. बोलताना त्या ते अंगठ्याने चालू करतात, बंद करतात. मी त्यांचं नाव घड्याळबाई ठेवलंय.

"मुलगी गोड आहे हो," घड्याळबाई म्हणाल्या. "पण लक्ष नाही. हात सारखे वळवळतात. आम्ही तिला हात मांडीखाली ठेवायला सांगतो."

"मांडीखाली म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे हातांवर बसायचं. वाचताना. शांत होतात मुलं."

मी ताईकडे पाहिलं, ती चिठ्ठीच्या घड्या घालत होती. लहानपणापासून अशीच आहे. कुणी अंगावर आलं की घड्या घालते.

"याच वर्षी तिकडचीच आणखी एक होती आमच्याकडे," घड्याळबाई सांगत होत्या, "त्या लाँड्रीवाल्या बाईंची. तीही अशीच. आता पिवळ्या इमारतीत छान रमलीये. मणी काय सुंदर ओवते!"

भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं होती. त्यात एक गोगलगाय होती, तिला कुणीतरी चाकं काढली होती. मी तिच्याकडेच बघत बसले म्हणून माझ्या तोंडून काही निघालं नाही. चाकांची गोगलगाय काढणाऱ्या मुलाला कुठल्या इमारतीत बसवलंय, हे विचारायचं राहून गेलं.

गुरुवार, ७ तारीख

सापडलं! आज मुंगीला शाळेतून आणताना औषधाच्या दुकानासमोर थांबलो. मी बुटातला खडा काढत होते. (हे बूट मला रोपवाटिकेतल्या माळ्याने दिले होते, एक नंबर मोठे. खडे राहायलाच येतात.) मुंगी दुकानाची पाटी बघत होती. ओठ बंद. पण उजव्या हाताचं बोट मांडीवर फिरत होतं, झपझप, फ्रॉकवर लिहिल्यासारखं. मग म्हणाली, "मावशी, दुपारी बंद असतं इथे."

पाटीवर तेच लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, पुढची वाच. तिने वाचली, बोट फिरवत. मग मी एक वाईट गोष्ट केली. तिचा हात माझ्या हातात घट्ट धरला आणि म्हटलं, आता ती वाच.

ती पाटीकडे बघत राहिली. बघतच राहिली. डोळे भरले. "दिसत नाहीये," म्हणाली.

हात सोडला. बोट फिरलं. "किल्ल्या बनवून मिळतील."

तर हे असं आहे. आम्ही बहिणी लहानपणी बाराखडी बोंबलून शिकलो. अक्षर म्हणजे आवाज, आवाज जोडला की शब्द. मुंगी हाताने शिकलीय. तिला शब्द म्हणजे बोटाचा एक रस्ता आहे. इथली लबाड अक्षरं, चंद्रातला च वेगळा आणि चाकातला च वेगळा, तीसुद्धा ती त्या रस्त्यानेच जाऊन पकडते. आणि ती बाई तिला हातांवर बसवते! लंगडी घालणाऱ्याचा टेकलेला पायच बांधायचा आणि मग म्हणायचं, मागे पडतो.

शुक्रवार, ८ तारीख

ताईला सांगितलं. "मी बोलते," म्हणाली. मी म्हटलं, तू बोलशील तोवर पोरगी आजी होईल. आणि सकाळी मीच गेले.

फाटकावरच गाठलं घड्याळबाईंना. नीट समजावणार होते. चार वाक्यं जुळवूनही नेली होती. पहिल्या वाक्यानंतर त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं. दाबलं! मी बोलत असताना! मग जुळवलेली वाक्यं गेली कुठच्या कुठे. मी त्यांना काय काय म्हटलं ते लिहीत नाही. "गळ्यातलं उतरवा आणि बैलाला बांधा" हे त्यातलं सगळ्यात सभ्य.

आता मला फाटकाच्या आत यायची बंदी आहे. "पुढच्या वेळी आईलाच पाठवा," असा निरोप आलाय.

ताई भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

सोमवार, ११ तारीख

नऊ दिवस राहिले. घरी मीच शिकवते आता. शनिवारी बरं गेलं, रविवारी बरं गेलं. आज नाही.

एकच ओळ सातदा. बोट फिरतं, पण मध्येच थांबतं, कारण शाळेत दिवसभर थांबवलेलं असतं. मी म्हटलं, फिरव ना! ती म्हणाली, फिरवते. मी म्हटलं, मग काय झालं? तिला सांगता येईना. मलाही लहानपणी विचारायचे, मग काय झालं, सांग ना, काय होतंय तुला? मला काय होत होतं ते मला माहीत असतं तर मी मागच्या बाकावर कशाला बसले असते?

पेन्सिल मोडली माझ्या हातात. मी हात उचलला, टेबलावर आपटायला. फक्त टेबलावर.

मुंगीने गुपचूप दोन्ही हात मांडीखाली घातले आणि माझ्याकडे बघत बसली. कुणी सांगितलं नव्हतं.

जिना उतरून खाली गेले. कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. तिच्यासाठी नवी पेन्सिल आणली. हिरवी. तिने "थँक्यू मावशी" म्हटलं, बाहेरच्या माणसाला म्हणतात तसं.

बुधवार, १३ तारीख

आज प्रेसमध्ये काय लागलं मशीनवर? तपासणीचे कागद! शाळांचं काम आम्हीच करतो, पण ते इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. चांगले कागद मशीनवाले काका मोजून कुलपात ठेवतात. पण सुरुवातीची पन्नासेक पानं नेहमी वाया जातात. शाई फिकी, शाई जाड, पान सरकलेलं. ती रद्दीत. आणि रद्दी कोण उचलतं? मी.

एक पान चारदा दुमडून बुटात घातलं. मोठा बूट शेवटी कामाला आला.

चोरी आहे का? असेल. पण मी शाळा अशीच काढलीय. धडा पाठ करायचा आणि पुस्तक उघडं धरून म्हणायचा. बाईंचं लक्ष पुस्तकाकडे, माझं खिडकीकडे. दोन वर्षं कुणाला पत्ता नव्हता. ताईला होता. तिने कधी सांगितलं नाही कुणाला.

रविवार, १७ तारीख

येतंय! मुंगीची स्मरणशक्ती म्हणजे भयंकर प्रकार आहे. मी एकेक ओळ वाचते, ती बोटाने गिरवते, संपलं. पुसलं जात नाही परत.

धडा आहे एका कासवाचा, ते पाण्याच्या टाकीत पडतं. त्यावरून आठवलं, बोटीवर कँटीनच्या आचाऱ्याने एक कासव पाळलं होतं, ते बशीत झोपायचं. मुंगीला ते सांगण्यात अर्धा तास गेला. असो.

पानाच्या वरच्या अंगाला बारीक टायपात काही सूचना होत्या. मी म्हटलं, ते सोड. ती म्हणाली, "नाही, वरचं पण. पान अर्धं नाही शिकत." तिकडे पान म्हणजे अख्खं पान, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत. बरं बाई, वरचं पण. तेही वाचून दाखवलं. चहा उतू जात होता, एक डोळा तिकडे होता. तसंही वाचताना माझं अर्थाकडे लक्ष नसतंच, तोंड वाचतं, मी दुसरीकडे असते.

आता सगळं पान घडाघडा म्हणते. एका मिनिटात तीस काय, साठ होतील. घे घड्याळ, बघ घड्याळ!

ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, मी शिकवतेय.

बुधवार, २० तारीख

संपलं सगळं. माझ्यामुळे.

मुंगीच्या तोंडून जसं कळलं तसं लिहिते. घड्याळबाईंनी तिला समोर बसवलं, एकटीला. हात मांडीखाली. घड्याळ टेबलावर, तिच्या नाकासमोर. आणि तिच्या हातात कागद दिला. अर्धा.

अर्धा! मी प्रेसमध्ये आहे आणि मला हे सुचू नये? छापून झालं की पान आडवं कापतात. वरची पट्टी शिक्षकांची, खालचा भाग मुलांचा. ती कापायची मशीन मी रोज चालवते! हातातलं पान मात्र रद्दीतलं, न कापलेलं. ते मी पोरीला शिकवलं.

मुंगीने कागद पाहिला. तिला वाटलं, वरचं फाटलंय. पण पान अर्धं म्हणत नाहीत. तिने वरपासून सुरुवात केली.

संध्याकाळी जेवताना तिने आम्हाला म्हणून दाखवलं, जसंच्या तसं, ताठ बसून:

"शिक्षकांसाठी. मुलाला शांत जागी बसवावे. घड्याळ मुलाच्या नजरेसमोर ठेवू नये. मूल अडल्यास पाच सेकंद थांबावे. मुलाने बोट वापरल्यास अडवू नये. कासव टाकीत पडले. टाकी खोल होती."

"मग बाई काय म्हणाल्या?" ताईने विचारलं.

"म्हणाल्या, थांब. मी म्हटलं, अजून आहे. म्हणाल्या, कुठून पाठ केलंस? मी म्हटलं, मावशीच्या बुटातून."

मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाचं असतं तर. डोकं धरून बसले.

ताईचा घास हातातच राहिला होता. "मुंगे," ती म्हणाली, "ते वरचं पुन्हा म्हण."

मुंगीने पुन्हा म्हटलं. मग ताई म्हणाली, आणखी एकदा, सावकाश. मला वाटलं, मला टोचायलाच चाललंय हे. मी ताटावरून उठले.

गुरुवार, २१ तारीख

मोठ्या बाईंनी ताईला बोलावलं. निकाल लागला. फसवणूक केली म्हणून परत तपासणी नाही. सोमवारपासून मुंगी पिवळ्या इमारतीत.

ताई येऊन दारातच उभी राहिली. चप्पलसुद्धा काढली नाही. "ते पान कुठेय?" म्हणाली.

दिलं. म्हटलं, जाळ आता.

तिने घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं.

शुक्रवार, २२ तारीख

मी ताईला कधीही माफ करणार नाही.

सकाळी प्रेसमध्ये पाय ठेवला, तर मशीनवाल्या काकांनी मशीन बंद केली. ते आग लागली तरी मशीन बंद करत नाहीत. "तुझी बहीण ते पान घेऊन शाळेत गेलीय," म्हणाले. "मोठ्या बाईंचा फोन होता मालकांना." मग हात पुसत पुसत म्हणाले, "चांगली होतीस गं कामाला. पण तुझा कट नेहमी तिरका."

नोकरी गेली. नोकऱ्या जातात, मला सवय आहे. पण सख्ख्या बहिणीने जाऊन दाखवावं? लहानपणी जिने कधी चहाडी केली नाही, तिने?

बॅग भरली. बुधवारी बंदराकडे जाणारी बस आहे. मोजे, ही वही, बूट.

(नंतर) ताई आली. मी जे जे होतं ते सगळं बोलले. भित्री म्हटलं. घरभेदी म्हटलं. घड्या घालणारी म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि पर्समधून ते पान काढून माझ्यासमोर टाकलं. वरच्या तीन ओळींखाली पेन्सिलने रेघा होत्या.

"वाच," म्हणाली.

"मला माहितीये काय आहे."

"तुला काय डोंबल माहितीये. तोंडाने वाचलंस, आता डोक्याने वाच."

वाचलं. घड्याळ मुलाच्या नजरेसमोर ठेवू नये. पाच सेकंद थांबावे. मुलाने बोट वापरल्यास अडवू नये.

अडवू नये. छापलेलं. मीच उचललेल्या पानावर, मीच पोरीकडून घोकून घेतलेलं. परवा ते मी याच वहीत उतरवलंसुद्धा! आणि मला दिसलं काय, तर फक्त माझी फजिती.

"मोठ्या बाई म्हणाल्या, हे पान तुमच्याकडे आलं कसं ते आधी सांगा," ताई सांगत होती. "सांगितलं. खोटं बोलून त्यांना नियम कसा दाखवणार होते मी? मग म्हटलं, आता तुम्ही सांगा, हा नियम कुणासाठी आहे? तीन महिने माझी मुलगी हातांवर बसतेय." तिने रेघ मारलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "सोमवारी परत तपासणी. त्यांच्या खोलीत, त्यांच्यासमोर. नवीन धडा. आणि बुटात काही येणार नाही, कळलं?"

"माझी नोकरी गेली, ताई."

"माहितीये," ती म्हणाली. "मला माहीत होतं जाईल. तरी गेले."

मला यावर अजून राग आहे. नेमका कुणाचा ते कळत नाही.

सोमवार, २५ तारीख

मला फाटकात घेतलं, तेही ताईने शब्द दिला म्हणून. अट एकच, मावशीने तोंड उघडायचं नाही. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसले. दाराला काच आहे. मुंगीची पाठ दिसत होती आणि उजवा हात. ऐकू काही येत नव्हतं.

घड्याळबाईही आत होत्या. घड्याळ मोठ्या बाईंनी स्वतःकडे, टेबलाच्या खणात ठेवलं होतं.

बोट चालायला लागलं. मांडीवर, फ्रॉकवर, झपझप. मग सावकाश. मग थांबलं.

घड्याळबाई पुढे झुकल्या. माझं अख्खं अंग दारावर जायला निघालं. मी माझे दोन्ही हात मांडीखाली घातले आणि घट्ट बसले. खरंच बसले. फार दुखतं, हे कुणी सांगत नाही. बोटं बधिर होतात, आणि दुसरं काही सुचतच नाही.

मोजायला लागले. एक. दोन. तीन. मोठ्या बाईंनी घड्याळबाईंच्या हातावर हात ठेवला. चार.

बोट चाललं.

एकतीस शब्द. तीस हवे होते, एकतीस झाले. मुंगी आपल्याच वर्गात राहणार. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं मोठ्या बाई म्हणाल्या. घड्याळबाई म्हणाल्या, "मला कुणी ती पट्टी वाचायलाच दिली नव्हती कधी. कपाटात गठ्ठा पडून असतो." मला त्यांचा इतका राग आला, आणि त्याच वेळी आठवलं, तो गठ्ठा बांधणारी मी. मीही कधी वाचला नव्हता.

शाळेतून येताना मुंगी म्हणाली, "मावशी, ती पण बोट फिरवायची."

"कोण?"

"लाँड्रीवाल्या काकूंची. आम्ही तिकडून एकाच विमानाने आलो, ती आधी शाळेत गेली. ती मला म्हणाली होती, बाईंना बोट दाखवू नकोस."

ताई चालता चालता थांबली. मी पुढेच चालत राहिले, कारण थांबले असते तर परत शाळेत शिरले असते.

बुधवार, २७ तारीख

बस सकाळी नऊला होती. मी साडेआठला लाँड्रीत होते.

वाफेने काही दिसत नव्हतं. बाई चादरीच्या मागे होती, इस्त्रीच्या टेबलाशी. मी सांगितलं, मी कोण, कुणाची मावशी. पोरीचं नाव काढल्याबरोबर तिने इस्त्री उभी केली.

"काय केलं तिने?"

"तिने काही नाही केलं."

पान दाखवलं. चारदा दुमडलेलं, बुटाचा वास येणारं, तीन ओळींखाली ताईची पेन्सिल. तिने हात पुसून ते घेतलं, वर केलं, जवळ नेलं, आणि परत माझ्याकडे दिलं.

"इथलं मला वाचता येत नाही," म्हणाली. "शाळेचा कागद आला की मी सही करते. त्यांनी सांगितलं, पिवळ्या इमारतीत चांगलं बघतात. सही केली मी." तिचा आवाज चढत गेला. "काय लिहिलंय यात? वाच ना!"

मी वाचायला लागले, आणि सवयीने तोंड पुढे पळालं. थांबले. पान इस्त्रीच्या टेबलावर पसरलं. पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि एकेक शब्द करत, लहान मुलासारखं, सावकाश वाचलं. मुलाने. बोट. वापरल्यास. अडवू. नये.

ती माझ्या बोटाकडे बघत होती. नऊ वाजून गेले असावेत.

तिने पट्टा सोडला, अॅप्रन खुंटीला लावला आणि आतल्या बाईला ओरडून सांगितलं, मी शाळेत जाऊन येते. मग दारात माझ्याकडे वळली.

"पुन्हा वाच," म्हणाली. "पाठ करून घेते."